मुलाणीमामांच्या क्लिपा

मुलाणीमामा माणसांशी मराठीत बोलत, घरी मामींशी त्यांच्या दखनीत, आणि वायरी, क्लिपा, मीटर असल्या मंडळींशी मात्र फौजी हिंदीत. "सीधा बैठ. हिलना मत," असं ते एखाद्या क्लिपेला दरडावायचे, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा माणूससुद्धा नकळत पाठ ताठ करून बसायचा.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. गावोगाव वीज पोचत होती, कृष्णेच्या काठानं पाण्याच्या मोटारी बसत होत्या, आणि जेवढ्या बसत होत्या जवळजवळ तेवढ्याच जळत होत्या. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला जळलेले ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी दुरुस्त करायचा एक कारखाना होता. त्याचे मालक अप्पा. मी नवी कोरी पदवी घेऊन तिथं लागलो होतो, आणि दुरुस्त झालेला माल तपासून 'पास' म्हणण्याचं काम मुलाणीमामांकडं होतं. मूळचे कोरेगावचे. फौजेत वायरलेसच्या दुरुस्तीवर अर्धं आयुष्य काढून आलेले. डोक्यावर पांढरी टोपी, कमरेला फौजेतला रुंद पट्टा, आणि तो पट्टा पायजम्यावरून. दर शनिवारी दुपारच्या पॅसेंजरनं कोरेगावला घरी जायचे आणि सोमवारी सकाळी कामगारांच्या आधी फाटकात हजर असायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी पदवी कुठं ठेवायची ते मला दाखवून दिलं. एक जाड तांब्याची पट्टी माझ्या हातात देऊन म्हणाले, "इंजनेरसाहेब, ह्येचा रेजिस्टन्स काय भरतो बगा जरा."

मी ऐटीत मल्टिमीटर काढला, लाल-काळ्या वायरींच्या क्लिपा पट्टीच्या दोन टोकांना लावल्या आणि सांगितलं, "अर्धा ओहम."

"बरं. आता पट्टी काढा मधनं, आन् क्लिपा एकमेकीला लावा."

मी लावल्या. काटा परत तिथंच. अर्धा ओहम.

"म्हंजे पट्टी असली काय आन् नसली काय, तुमच्या मीटरला पत्ताच न्हाई," मामा अगदी सौम्यपणे म्हणाले. "तुमी वायर मोजली, साहेब. तांबं अजून मोजायचं हाय."

ते हसले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं. मग त्यांनी मला स्टुलावर बसवून जे सांगितलं ते कॉलेजात एका लांबलचक समीकरणात आलं होतं आणि परीक्षा झाल्यावर गेलंही होतं. मामांनी ते गुळाच्या बाजारातून आणलं.

"अडत्याच्या दुकानात ढेप उचलतो कोण? हमाल. काट्यावर बसतो कोण? तोलार. ढेप उचलणाऱ्यालाच इचारलं, बाबा, वजन किती, तर त्यो सोताचं दमणंबी त्यात मिळवून सांगणार. तसंच हाय. दोन जाड वायरी करंट वाहून न्यायला. त्यांनी फकस्त वाहायचं, बोलायचं न्हाई. आन् दोन बारीक वायरी नुसतं बगायला. त्यांच्यातनं करंट जवळजवळ जातच न्हाई, म्हनून त्यांचं दमणं हिशेबात येत न्हाई. बगणारीनं बसायचं कुटं? वाहणारीच्या आतल्या अंगाला, तांब्यावर. भाईर बसली की वाहणारीच्या क्लिपेचाबी रेजिस्टन्स धरून सांगती."

ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचा रेजिस्टन्स ओहमच्या हजाराव्या भागात असतो. तिथं क्लिपेच्या दातांत अडकलेला मळसुद्धा डोंगराएवढा दिसतो. गुंडाळीच्या टोकाचा जोड धातू वितळवून नीट डाखला गेला आहे की आतून पोकळ आहे, हे बाहेरून कळायला दुसरा उपायच नव्हता. पोकळ जोड भार आला की तापतो, वितळतो, आणि भर उन्हाळ्यात गावाचं पाणी बंद होतं. म्हणून मामा क्लिपांच्या बाबतीत इतके काटेकोर होते.

काटेकोर हा शब्द फार साधा झाला. मी एकदा त्यांच्याबरोबर क्लिपा विकत घ्यायला गेलो होतो. बाजारपेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानदारानं आम्हाला लांबूनच पाहिलं आणि पोऱ्याला न बोलावता स्वतः उठून चहा सांगून आला. ही दुपार इथंच जाणार, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. त्यानं क्लिपांचं खोकं पालथं केलं. मामांनी खिशातून जुन्या लाऊडस्पीकरचं लोहचुंबक काढलं आणि ढिगावरून फिरवलं. निम्म्याहून जास्त क्लिपा उड्या मारून त्याला चिकटल्या.

"वरनं तांब्याचं पाणी, आत लोखंड," मामा म्हणाले. "ह्या परत खोक्यात."

उरलेल्यांतली एकेक क्लिप ते उघडून बघत. दात दातांवर बसतात का, की एक इकडं आणि एक तिकडं. बिजागरीला खेळ किती आहे. मग शेवटची परीक्षा स्प्रिंगची. ती ते आपल्या कानाच्या पाळीवर घेत. क्लिप पाळीला लावायची, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात दहा मोजायचे. नुसतं जाणवलं तर स्प्रिंग मऊ. डोळ्यांत पाणी आलं तर पास. दुकानात बल्ब घ्यायला आलेल्या एका बाईंनी हा प्रकार पाहिला आणि दुकानदाराला हळूच विचारलं, "ह्यांना काय होतंय?"

"काही न्हाई, ताई. खरेदी चाललीय," दुकानदार म्हणाला.

शंभरभर क्लिपांतून त्या दिवशी सहा निवडल्या. सहा वेळा पास झालेला कान संध्याकाळपर्यंत डाळिंबासारखा लाल होता.

नापास क्लिपाही ते टाकून देत नसत. त्या कोरेगावला मामींच्या ताब्यात जात. मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो, तर अंगणातल्या तारेवरचे कपडे, शेवयांची पिशवी, रेशनकार्डाच्या कागदांची चळत, सगळं क्लिपांनी धरलेलं. मामी म्हणाल्या, "लोकांचे नवरे फौजेतनं ट्रंक भरून काय काय आणतात. आमचे हे चिमटे आणतात." पण बोलताना त्यांनीही पिशवीला लावलेली क्लिप काढून नीट पुसली आणि मगच परत लावली.

मापाचे त्यांचे नियम म्हणजे एक धर्मशास्त्र होतं. चहा प्यायल्यावर लगेच क्लिपेला हात लावायचा नाही, कारण हाताच्या उबेनं जोडाला बारीकशी वीज सुटते आणि काटा फसतो. करंट एकदा सुलटा सोडायचा, एकदा उलटा, आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. काटा स्थिर होईपर्यंत गप्प बसायचं. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला काटा बराच वेळ सरकत राहतो. तेवढ्यात मामा अडकित्त्यानं सुपारी कातरत, आणि सुपारी संपायच्या आत काटा थांबला तर त्यांना त्या ट्रान्सफॉर्मरबद्दल उगाच संशय वाटे. क्लिपांचं तांबं काळवंडलं की चिंचेनं घासायचं, साध्या पाण्यानं धुवायचं आणि पुसून कोरडं करायचं. कारखान्यात चिंचेचा एक गोळा कायम असे. जेवताना कुणी त्यातली चिमूटभर आमटीत टाकली, तर मामा दिवसभर त्याच्याशी बोलत नसत.

आणि त्यांची सगळ्यांत लाडकी वस्तू म्हणजे त्यांनी स्वतः बनवलेली क्लिपांची जोडी. साध्या क्लिपेचे दोन्ही जबडे एकमेकांना जोडलेले असतात. मामांनी बिजागरी सोडवून दोन जबड्यांच्या मध्ये वीज अडवायला मोटारीत घालतात त्या जाड कागदाची नखाएवढी चकती बसवली होती. त्यामुळं एक जबडा एका वायरीचा, दुसरा दुसरीचा. एक करंट वाहणार, दुसरा नुसतं बघणार, आणि दोघांची गाठ फक्त मधल्या तांब्यावर. दोन टोकांना दोन चिमटे लावले की चार वायरींचं काम झालं.

"ह्या दोन जावा," ते मला म्हणाले होते. "एकाच घरात, पर चुली येगळ्या. मधली चकती हाय तवर संसार सुखाचा."

चकती झिजते, म्हणून दर दोन महिन्यांनी बदलायची, हा त्यांचाच नियम. त्यांचं बघून इतरांनीही तशा क्लिपा केल्या होत्या, त्या सगळ्यांच्या चकत्या ते बदलायला लावत. स्वतःच्या त्या जोडीला मात्र हात लावत नसत. ती फौजेत असताना बनवलेली. तिच्यावर त्यांचा विश्वास होता.

आता ज्ञानूची गोष्ट सांगायला हवी.

ज्ञानू लोणंदचा. आमच्याकडं गॅसवर तांब्याचे जोड डाखायचा. तिशीतला, कमी बोलणारा. काम करताना जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढायचा. त्याच सुमाराला आमच्याकडून गेलेला एक ट्रान्सफॉर्मर जोड वितळून परत आला. तो जोड ज्ञानूचा होता की दुसऱ्या कुणाचा, हे काही नक्की झालं नाही, पण अप्पांनी ज्ञानूला बोलावून सांगितलं, "आता परत असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

पंधरा दिवसांनी एका पाणीपुरवठा सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर मामांच्या टेबलावर आला. मामांनी आपली लाडकी जोडी लावली. पहिल्या दोन फेजांच्या गुंडाळ्यांचं माप सारखं. तिसरीचं बरंच जास्त. मामांनी उलटसुलट करून पाहिलं. तरी जास्तच. अप्पा तिथंच उभे होते, दुपारच्या जेवणाला निघालेले दहा-बारा कामगारही थांबले होते.

"तिसऱ्या फेजचा जोड नापास," मामा म्हणाले.

ज्ञानू पुढं आला. "माजा जोड चोख हाय, मामा. एकदा क्लिपा बदलून बगा."

मामांच्या क्लिपा बदला, असं आजवर त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "गड्या, ह्या क्लिपा तुज्या जल्माआदीपास्नं खरं सांगत्यात," ते म्हणाले.

दोन-चार जण हसले. ज्ञानू हसला नाही. त्यानं हातमोजे काढून बाकावर ठेवले आणि तो हात धुवायला गेला. संध्याकाळी अप्पांनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. जोड कापून काढला, दुसऱ्या माणसानं नवा डाखला, सगळं साफसूफ करून परत मोजलं, तर माप बरोबर आलं. आता तर कुणालाच शंका उरली नाही.

कापलेला जोड मामांनी फळीवर ठेवून दिला. पुढं कधी मला पोकळ जोड म्हणजे काय ते दाखवायचं त्यांच्या मनात होतं. ती वेळ महिन्याभरानं आली. काम कमी होतं. त्यांनी तो जोड घेतला, वेगवेगळ्या चार क्लिपा लावल्या, करंट सोडला आणि मला म्हणाले, "आता बगा, काटा कसा उड्या मारतो."

काट्यानं उडी मारली नाही. तो जिथं असायला हवा तिथं जाऊन शांत बसला.

मामांनी क्लिपा पुसल्या, परत लावल्या. तेच. मग त्यांनी आपली लाडकी जोडी काढली आणि ती लावली. तिनंही माप बरोबरच दाखवलं, कारण जोड आता घासूनपुसून स्वच्छ होता. मग त्यांनी ट्रान्सफॉर्मरचा एक वापरात नसलेला खांब, म्हणजे क्लिपा जिथं लावायच्या तो तांब्याचा दांडा, शोधून आणला. त्यावर व्हार्निशचा पातळ पापुद्रा होता, नीट निरखल्याशिवाय दिसणार नाही असा. त्याला जोडी लावली, तर माप एकदम वाढलं. साध्या चार क्लिपांनी तोच खांब बरोबर दाखवला.

त्यांनी जोडीतल्या एका क्लिपेच्या बिजागरीचा स्क्रू काढला. आत चकती नव्हतीच. कागदाचा थोडा भुगा होता. जबड्याला जबडा टेकलेला. त्या दिवशी तिसऱ्या फेजच्या खांबावर असाच पापुद्रा होता. बघणारीनं वाहणारीचं ओझं आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि व्हार्निशचा दोष ज्ञानूच्या जोडावर मांडला होता. नवा जोड करताना खांब घासला गेला, म्हणून दुसऱ्यांदा माप बरोबर आलं होतं. एवढंच घडलं होतं.

मामा उठले आणि क्लिप तशीच उघडी हातात घेऊन अप्पांच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेलो.

"मालक, ज्ञानूचा जोड चोख हुता. चूक माजी हाय," मामा म्हणाले आणि क्लिप त्यांच्या टेबलावर ठेवली.

अप्पांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "मामा, झालं ते झालं. आता नवा माणूस घेतलाय."

"मग नव्याला ठिवा, आन् मला काडा. नापास मी झालोय."

अप्पा माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, "काम दोघांना पुरेल. पण तो येईल का? विचारून या."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. मामांनी रुमालात जोड आणि क्लिप बांधून घेतली होती. वाटेत कोरेगाव आलं, मामांचं घर स्टेशनापासून दहा मिनिटांवर, पण ते जागचे हलले नाहीत. त्या आठवड्यात ते घरी गेलेच नव्हते. एरवी गाडीत अनोळखी माणसालासुद्धा क्लिपांचं महत्त्व पटवून देणारा हा गृहस्थ लोणंद येईपर्यंत रुमालाची गाठ सोडत-बांधत राहिला.

ज्ञानू कांद्याच्या वखारीत होता. चुलत्याकडं कांदे निवडायचं काम करत होता, आणि तेही जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून. आम्हाला बघून उठला नाही, पण शेजारचं पोतं हातानं झटकून दिलं. मामा त्यावर बसले आणि त्यांनी रुमाल सोडला.

"ज्ञानू, जोड तुजा चोख हुता. क्लिप माजी खराब हुती."

ज्ञानूनं आधी जोड उचलला. अंगठा फिरवला, उजेडाकडं धरला. मग क्लिप बघितली. त्याला सांगावं लागलं नाही. जबड्याला जबडा टेकलेला त्याला दिसला.

"मी म्हनलं हुतं न्हवं, क्लिपा बदलून बगा?"

"म्हनला हुतास."

"मग का न्हाई बगितलं?"

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माज्या हातावर माजा लय भरवसा हुता," ते म्हणाले. "तुज्या हातावर त्याच्यापरास कमी."

वखारीत बाया कांद्याची सालं झाडत होत्या. ज्ञानूनं दोन-तीन कांदे निवडून टोपलीत टाकले.

"मालकानं बोलीवलंय. चल," मामा म्हणाले.

"असं न्हाई यायचा. ज्यांच्याफुडं बोलला, त्यांच्याफुडं सांगा. मग येतो."

"सांगतो. तू उद्या ये, तुज्यासमोरच सांगतो."

"नगं. मी नसताना सांगा," ज्ञानू म्हणाला. "मी असलो तर तुमी माज्याकडं बगून बोलाल. त्यांच्याकडं बगून बोला."

मामांनी मान हलवली. निघताना ज्ञानूनं आमच्या पिशवीत न विचारता कांदे भरले. मामा नको म्हणाले, तर त्यानं वर आणखी दोन टाकले.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मामा स्टुलावर चढले. जन्मात कधी भाषण केलेलं नाही, त्यामुळं सुरुवात त्यांच्या तोंडून आली ती फौजेतली: "सावधान." माणसं डबे हातात घेऊनच उभी राहिली.

"त्या दिशी ह्याच जागी मी ज्ञानूला खोटं पाडलं. तुमीबी हसला. खोटा मी हुतो. क्लिप फिरिवतोय, परत्येकानं आत वाकून बगा. चकती बदलायची असती, मी बदलली न्हाई. तुमाला बदलायला लावत हुतो, आन् सोता बदलली न्हाई." क्लिप हातोहाती फिरून परत आली.

मागून कुणीतरी विचारलं, "मामा, आता जेवू का?"

"जेवा," मामा म्हणाले, आणि स्टुलावरून उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. तोवर ते कधी कुणाचा घेत नसत.

ज्ञानू गुरुवारी आला. पहिला जोड डाखून झाल्यावर तो स्वतःच मामांच्या टेबलापाशी घेऊन गेला. मामांनी चारही क्लिपा पुसून लावल्या, पण काट्याकडं पाहिलं नाही. खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "बस. तूच वाच."

त्यानंतर आमच्याकडं तशीच पद्धत पडली. ज्याचा जोड, त्यानं काटा वाचायचा, आणि मामांनी शेजारी उभं राहून सुपारी कातरायची. लाडकी जोडीही मामांनी टाकली नाही. नवी चकती घातली आणि ज्ञानूला देऊन टाकली. त्या दोघांचं पुढं इतकं मेतकूट जमलं, की कुणाची स्प्रिंग कडक आहे यावर ते जेवण विसरून वाद घालत.

तीन वर्षांनी मला नाशिककडं दुसरी नोकरी मिळाली. मामा त्याआधीच निवृत्त होऊन कोरेगावला राहायला गेले होते. मी कळवलं होतं, अमुक दिवशी पॅसेंजरनं जातोय. गाडी कोरेगावला थांबली तेव्हा फलाटावर मामा उभे होते. नवीन धोतर, हातात कापडी पिशवी. खिडकीच्या गजांतून ती आत येईना, तेव्हा त्यांनी ती दारातल्या माणसाकडं देऊन आत पोचवली.

"वाघ्या घेवडा हाय. घरच्या रानातला," ते म्हणाले. "तिकडं असला मिळायचा न्हाई. रातभर भिजवा. शिजताना मीठ घालू नगा, दाणा टणक ऱ्हातो. मीठ मागनं."

मामी कशा आहेत, मी विचारलं. बऱ्या आहेत, म्हणाले, आणि परत घेवड्यावर आले. गाडी हलली. मामा खिडकीचा गज धरून बरोबर चालू लागले. "लसूण ठेचून घाला, चिरू नगा. आन् पाणी पैल्यांदाच घाला अंदाजानं, मधी गार पाणी वतायचं न्हाई..."

गाडीनं वेग घेतला तसा त्यांनी गज सोडला, पण चालणं थांबवलं नाही. फलाट संपला, तिथल्या उतारावर ते उभे राहिले. एक हात धोतराच्या सोग्याला, दुसरा हवेत काहीतरी समजावून सांगत होता. त्यांचं तोंड हलत होतं. मला काही ऐकू येत नव्हतं. ते दिसेनासे होईपर्यंत मी मान डोलावत राहिलो.